कार्वानं बापाला डोंगरावर नेलं

त्या वर्षी ऐन बटाटे तुडवायच्या दिवसांत कार्वाच्या आईचा श्वास अडायला लागला. थंडी तर अशी पडली होती की लोकरीचा, ओझ्याचा लामा थुंकला तर थुंकी दगडावर टणकन वाजायची. माझ्या आजीनं त्यातली थोडी वेचून गाडग्यात ठेवली होती. पुढं उन्हाळ्यात वितळली, नाहीतर आत्ता दाखवली असती.

बटाटे माळावर पसरून ठेवायचे, ते दहिवरानं गोठले की ऊन चढताना अनवाणी पायांनी तुडवायचे. पाणी निघतं, सालं सुटतात, वाळले की वर्षभर टिकतात. बायका रांगेनं एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून तुडवतात, आणि रांगेच्या पुढं दर वर्षी इसाबेल असायची, कार्वाची आई. त्या वर्षी तिनं चार पावलं टाकली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली. तोंड उघडं, मासा काठावर काढल्यासारखं. श्वास आत जायचा, पण निम्म्या वाटेवर कुणीतरी खालून ओढून घ्यावा तसा संपून जायचा.

कार्वानं आईला ढिगाऱ्याजवळ बसवलं आणि तिच्या वाटणीचे बटाटे स्वतः तुडवले. टाचा फुटून रक्त आलं, ते बटाट्यांवर दिसायला लागलं तेव्हा तिची आजी वायता म्हणाली की आता थांब, रक्ताचे बटाटे कोण खाणार. वायता म्हणजे मेलेल्या बापाची आई. म्हातारी चिमणीएवढी, पण भावकीत तिच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. पाय धुता धुता तिनं सुनेला विचारलं, कुठं जास्त होतं. इसाबेल म्हणाली, चर्चमध्ये. दारातून आत शिरताना, उजव्या हाताच्या फरशीवर पाय पडला की. आणि मग खाली मान घालून, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलली की परवा खालून कुणीतरी दार वाजवल्यासारखं वाजलं.

कार्वाला ऐकू गेलंच. पाय धुवायचं पाणी कोमट होतं, तरी तिचे पाय गार पडले.

त्या फरशीखाली मातेओ होता, तिचा बाप. कापडखान्यात लोकर पिंजून पिंजून त्याच्या छातीत लोकर भरली आणि मागच्या पावसाळ्यात, गावात साथ होती तेव्हा, तो गेला. साथीत माणसं इतकी मरत होती की घरच्यांना चर्चच्या आत येऊच दिलं नाही. खड्डे खणणाऱ्यानं प्रेतं आत नेली, पुरली, आणि बाहेर येता येता सांगितलं, दाराच्या उजव्या हाताला. चार दिवसांनी खणणाराही गेला.

आमच्यात मेलेल्या माणसाला असं आडवं पाडून वर माती लोटत नाहीत. आमची माणसं मेल्यावर बसतात. गुडघे पोटाशी घेऊन, डोंगरातल्या गुहेत, आपल्या भावकीत, समोर वारा आणि उघडं आभाळ. सुगीला त्यांना मक्याची दारू पाजायची, नवा शर्ट घालायचा, गावातल्या बातम्या सांगायच्या. पण समुद्रापलीकडच्या राजाच्या माणसांनी सगळ्यांना डोंगरावरनं खाली आणलं, सरळ रेघेत घरं बांधायला लावली, मधे चर्च, आणि हुकूम असा की ज्याच्या डोक्यावर पाद्र्याचं पाणी पडलं तो मेल्यावर चर्चच्या फरशीखालीच जायचा. आता मला सांगा, तोंडात माती, छातीवर दगड, आणि वरून दर रविवारी सगळं गाव गुडघे टेकणार. असा माणूस श्वास कुठून घेणार? घरच्यांचाच घेणार ना.

वायतानं तेच सांगितलं. मातेओला वर नेला नाही तर तो आधी इसाबेलला ओढून नेईल, मग पोरीला. पाऊस लागायच्या आत न्यायला हवा.

इसाबेलनं उठून दार लावून घेतलं. कारण हे करताना सापडलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नदीपलीकडच्या गावातल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याला असंच काढून नेलं होतं. तिचं डोकं भादरलं, लामावर शेपटीकडं तोंड करून बसवून चौकातून फिरवलं, आणि मग समुद्राकडच्या गावात कुठंतरी नेऊन कोंडलं. तिची पोरं अजून संध्याकाळी वाटेवर येऊन बसायची. आणि आमच्या गावात तर मिरवणुकीच्या सणानंतर शहरातून मोठा तपासनीस यायचा होता, जुनी देवं आणि जुने मुडदे शोधायला.

याआधी शोधायचं काम पाद्री बेल्त्राननं केलं होतं. तांबडी दाढी, ताडमाड माणूस, झगा कमरेला खोचून शेळीसारखा कडे चढायचा. त्यानं आमच्या गुहांमधून पणजोबा-खापरपणजोबा ओढून आणले आणि चौकात जाळले. राखसुद्धा ठेवली नाही, नदीत सोडली. पोरं रडली की आया म्हणायच्या, आली बघ तांबडी दाढी. तोही त्याच साथीत मेला, आणि गावानं तोंडानं प्रार्थना म्हणत मनात ढोल वाजवले. एक गुहा मात्र त्याला सापडली नव्हती. ती कुठं आहे ते वायताला ठाऊक होतं.

पण त्या गुहेत कुणीही उठून जाऊ शकत नाही. पायाळू माणूसच जातं. आणि भावकीत पायाळू उरली होती एकटी कार्वा.

पोरगी रडली नाही. रात्रीचं जेवण पुढं होतं, त्यातला एकेक दाणा उचलत बसली. मग म्हणाली,

"आज्जे, मला भ्या वाटतं."

"वाटू दे की," वायता म्हणाली. "न भिणारं माणूस तिथं जाऊच नये. वाडवडलांना त्यो उर्मटपणा वाटतो."

दुसऱ्या दिवसापासून कार्वाचं मीठ आणि मिरची बंद झाली. सण येईपर्यंत तसंच राहायचं. बिनमिठाचं अन्न खाऊन माणसाला काय होतं ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. आधी जीभ मरते, मग कान तिखट होतात. कार्वाला शेजारच्या घरातली कुई, सशासारखी पाळतात ती, गवत खाताना ऐकू यायची. कुणी म्हणतं तिला मुंग्यांचं भांडणही ऐकू आलं, पण तेवढं मी मानत नाही. आईचा श्वास मात्र तिला रानातूनही ऐकू यायचा. अडकला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि पुन्हा सुटला की वाकायची.

इसाबेल नवऱ्यासाठी शर्ट विणायला बसली. माग कमरेला बांधायचा, धागा सोडायचा, ठोकायचा, आणि मग भिंतीला टेकून श्वासाची वाट बघायची. वीतभर कापडाला एक दिवस जायचा. त्यात कापडखान्याचं सूत द्यायचं होतं ते राहिलं, तेव्हा मुकादम दारात आला आणि तिला म्हणाला की नवरा मरायला टेकला तरी सूत कातायचा बंद झाला नव्हता, तू जिवंत असून बंद. हसला आणि गेला. रविवारी चर्चमध्ये तिला ढास लागली तर कुत्री हाकलायला ठेवलेला माणूस असतो ना दारात, त्यानं कुत्र्यांचीच काठी तिच्या बरगडीला लावून तिला बाहेर काढलं. ती कुत्र्यांच्यात जाऊन बसली. कार्वानं आतून पाहिलं, पण हलली नाही. हलली असती तर सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या असत्या, आणि तेव्हा तिच्यावर नजर येऊन चालणार नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी बास्तियाननं दाराजवळची फरशी सैल करून ठेवली. बास्तियान म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा, आमच्याच भावकीतला. नव्या पाद्र्याला, किरोगाला, त्यानं सांगितलं की फरशी खचलीय, कुणाचा पाय अडकेल. किरोगा म्हणाला, बरं झालं लक्षात आलं. भला माणूस होता, डोळ्यांनी अधू.

सण म्हणजे असा की सकाळी देवाची छत्री निघते, मागून सगळे संत खांद्यावर निघतात, मागून पिसांचे आणि मुखवट्यांचे नाचे, आणि सगळं गाव चौकाला वळसे घालतं. चर्च रिकामं. मेणबत्त्या जळत असतात आणि आत कुणीही नसतं. लोरेन्सो, कार्वाचा काका, भीती जावी म्हणून पहाटेपासून प्यायला होता, आणि भीती गेली नव्हती. तो, बास्तियान आणि कार्वा मागच्या दारानं आत शिरले.

फरशी उचलली. मातीही फारशी नव्हती. कफन चुन्यानं पांढरं आणि कडक झालेलं, वास चुन्याचाच. आमच्या थंडीत माणूस कुजत नाही, वाळतो. बास्तियान खांद्याकडून, लोरेन्सो कमरेला, कार्वानं पाय धरले. बापाचे पाय धरले म्हणून ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायला लागली. बाहेर ढोल वाजत होता, आणि प्रत्येक ठोक्याला तिला वाटायचं की दार उघडलं.

"दादा लांब झालाय की गं," लोरेन्सो कुजबुजला.

बास्तियान म्हणाला, "कापडखान्यात वाकून वाकून आखडलेला. आता निवांत पसरलाय."

त्यांनी फरशी परत बसवली, त्याला उभा केला, वरून नाच्याचा पिसांचा झगा घातला, कफनावरूनच मुखवटा बांधला, आणि दोन्ही बाजूंनी हात खांद्यावर घेतल्यासारखं करून बाहेर काढला. उघड्या दिवसा, चौकातून. सणाच्या दिवशी पिऊन ताठ झालेला नाच्या दोघांच्या खांद्यावर जाताना बघून कोण कशाला थांबेल? दोघातिघांनी तर हसून वाट करून दिली. एका बाईनं त्याला दारू पाजायला पुढं केली, लोरेन्सो ती त्याच्या वाटणीची म्हणून स्वतः प्यायला.

आणि कोपऱ्यावर समोरून देवाची छत्री आली. छत्रीखाली पाद्री किरोगा. तो थांबला. ढोल थांबला. त्यानं डोळे बारीक करून विचारलं, हा कोण.

लोरेन्सो पुतणीकडं बघायला लागला. तिला आपलाच आवाज लांबून ऐकू आला.

"माझा बाप हाय, बाबा. सकाळधरनं पितोय."

किरोगानं नाराजीनं मान हलवली, तीर्थाच्या पाण्यात हिरवी डहाळी बुडवून मुखवट्यावर शिंपडलं आणि म्हणाला की शुद्धीवर आला की माफी मागायला पाठवून दे.

"पाठवते," कार्वा म्हणाली.

ढोल पुन्हा सुरू झाला. गावाबाहेर गेल्यावर बास्तियान घंटेकडं परतला, आणि लोरेन्सो वाटेच्या कडेला बसून ओकला. नुसत्या भीतीनं ओकला, दारू त्याला कधी बाधली नव्हती.

डोंगराची वाट अशी की खाली बघितलं तर गाव कुणाच्यातरी हातातून पडलेल्या दाण्यांसारखं दिसतं. लोरेन्सोनं दादाला दोरीनं पाठीला बांधलं. वारा असा की बोललेला शब्द मागं गावात जाऊन पडायचा, म्हणून दोघं गप्प होते. मधे खिंड लागते. तिथं कार्वानं चघळलेली कोकाची पानं दगडाला चिकटवली आणि भुवईचा एक केस उपटून डोंगराकडं फुंकला, वायतानं सांगितलं होतं तसा. मागं वळून बघायचं नाही असंही सांगितलं होतं. पण बिनमिठाच्या कानांना मागं खडे घरंगळताना ऐकू येत होते. कोल्हा असेल, नाहीतर तपासनिसाचा माणूस. कोल्हा असू दे, असं ती म्हणत राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा जुनं गाव आलं. नुसत्या भिंती, वर छप्पर नाही. प्रत्येक दारात गवत उभं, जसं घरात कुणी आलं का म्हणून बघायला यावं. लोरेन्सो तिथं थांबला. पुढं तो यायचा नव्हता, त्याला परवानगी नव्हती, आणि असती तरी आला नसता. त्यानं दोरी सोडून ओझं पुतणीच्या पाठीवर दिलं. वाळलेला माणूस जड नसतो. पण पाय लांब होते, ते तिच्या मागं दगडावर खरडत येत होते, आणि तो आवाज कुणी मागून चालत यावं तसा होता.

गुहेचं तोंड कड्याच्या वळणावर, वाकून जावं लागतं. आत आधी काही दिसलं नाही, फक्त आतून थंड हवा आली, सावकाश, आणि थांबली, आणि पुन्हा आली. मग डोळे सरावले आणि सगळे दिसले. गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, कुणाच्या हाताची बोटं गालावर, कुणाची मान एका बाजूला, केसांच्या वेण्या अजून काळ्या. मधोमध भावकीची थोर पणजी, हनुवटी फडक्यानं बांधलेली. हिनं म्हणे लग्नाच्या पैजेत अख्खं तळं पिऊन टाकलं होतं आणि डोंगर उतरता उतरता तिला दम धरवला नाही, तो आमचा ओढा. म्हणून त्या ओढ्याचं पाणी कोमट असतं. हात घालून बघा कधी.

कार्वा भुईवर डोकं टेकून म्हणाली की मी मातेओची पोर, पायाळू, मीठ न खाता आलेय, बापाला घेऊन आलेय. मग तिनं मुखवटा आणि झगा काढला आणि हाडाच्या सुईनं कफनाची शिवण डोक्याकडून उसवायला लागली. आधी तोंड मोकळं करायचं असतं, श्वास लागतो म्हणून.

टाके सुटले, कापड बाजूला झालं, आणि आतून दाढी बाहेर आली. तांबडी.

मातेओच्या तोंडावर जन्मात केस आले नव्हते.

पोरगी मागं सरकली ती भिंतीला आपटली. ओरडायला तोंड उघडलं, पण समोर सगळे वाडवडील बसलेले, त्यांच्यासमोर कसं ओरडायचं. तिचा परकर ओला झाला. पाद्री बेल्त्रान डोळे मिटून होता, चुन्यानं पांढरा, आणि कुठल्याही क्षणी डोळे उघडून पणजीकडं बोट दाखवील असं तिला वाटत होतं. म्हणेल, सापडली. ही एक राहिली होती.

बाहेर ऊन उतरत होतं. परत न्यावा तर चर्च आता माणसांनी भरलं असेल. वाटेत टाकावा तर कोल्हे ओढतील, तपासनिसाला सापडेल, आणि मग आधी बास्तियान, मग काका, मग ती. आणि घरी आई भिंतीला टेकून बसलीय, मातेओ मोकळ्या हवेत गेला की नाही एवढंच ऐकायला श्वास धरून. खरं सांगितलं तर तो श्वास सुटेल की संपेल? आणि बाप कुठं आहे?

तिनं भुवईचा आणखी एक केस उपटला. घाईत दोन निघाले. पणजीसमोर धरून तिनं विचारलं, काय करू, आणि फुंकर मारली. गुहेनं तेव्हाच श्वास सोडला. केस वर गेले, गरगरले, आणि हळूच जाऊन पाद्र्याच्या दाढीवर बसले.

ते उत्तर होतं की वारा होता, माझी आजी म्हणायची, तू असतीस तर विचारायला थांबली असतीस का.

कार्वानं उरलेलं कफन उसवलं आणि बोचक्यातून आईनं विणलेला शर्ट काढला. पाद्र्याच्या डोक्यातून घातला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या आणि खालची किनार बेंबीवर. त्याला बसवायला बघितलं, पण तो लांबच लांब वाळलेला, मोडल्याशिवाय वाकला नसता. शेवटी भिंतीला टेकवून उभा केला. सगळी भावकी बसलेली आणि हा एकटा उभा, छत लागू नये म्हणून मान जरा वाकलेली. तिनं दारूची पहिली धार पणजीला दिली, मग रांगेनं सगळ्यांना, आणि शेवटी थोडी त्याच्या पायाशी ओतली. तोंड जवळ नेलं, कारण ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती.

"हितं तुला कोन जाळनार न्हाई. पन गप ऱ्हायचं."

जाताना ती पाठ न दाखवता मागं मागं चालत बाहेर पडली. म्हणतात की थोर पणजीनं तेव्हाच मान किंचित दुसरीकडं वळवली, ती अजून तशीच आहे.

लोरेन्सो भिंतीआड अंगाची जुडी करून बसला होता. त्यानं विचारलं, दादा बसला का नीट.

"उभा ऱ्हायला."

"पयल्यापास्नं हट्टी," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

घरी पोचले तेव्हा चुलीवर सांजेचं शिजत होतं. इसाबेल भिंतीला टेकून बसली होती, तशीच. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. शर्ट अंगाला आला का, एवढंच विचारलं. कार्वा म्हणाली, आला. काखेत आवळत नाही ना? नाही, बेस बसला. मग इसाबेलनं भिंत सोडली आणि किती दिवसांनी भुईला पाठ टेकली. श्वास आत गेला. कार्वा हातातली वाटी तशीच धरून ऐकत राहिली. श्वास तळापर्यंत गेला आणि बाहेर आला. मग दुसरा. वायतानं पोरीपुढं मीठ सरकवलं. कार्वानं बोट लावून चाटलं आणि तिला ते कडू लागलं.

इसाबेल पुन्हा बटाट्यांच्या रांगेत पुढं उभी राहिली. मुकादमाला सूत मिळालं. आता तुम्ही म्हणाल, ती ज्या फरशीवर दमत होती त्या फरशीखाली तर पाद्री होता. होता. आणि बरीही झाली. मी घडलं तसं सांगते, त्याचा हिशेब माझ्याकडं मागू नका.

तपासनीस आला तो रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढं बसला. काळा झगा, पांढरे हात, बरोबर बेड्या घेतलेले दोन शिपाई. किरोगाला पाहुण्यापुढं आपल्या चर्चचं कौतुक करायचं होतं. त्यानं प्रवचनात पाद्री बेल्त्रानचं नाव काढलं. म्हणाला, या थोर माणसाची शेवटची इच्छा ठाऊक आहे का? मला वेदीजवळ पुरू नका. दाराशी पुरा, उजव्या हाताला, म्हणजे गरिबातल्या गरीब माणसाचा पाय माझ्यावर पडेल.

सगळं गाव मान वळवून दाराकडं बघायला लागलं. कुणाच्या मनातही कधी आलं नव्हतं की पाद्री दाराशी निजेल. घंटेच्या दोराजवळ बास्तियान भिंतीसारखा पांढरा झाला. तपासनीस उठला, चालत आला, त्या फरशीवर गुडघे टेकले, आणि वाकून रिकाम्या खड्ड्याचं चुंबन घेतलं. डोळे पुसले. उठताना त्यानं हुकूम दिला की इथं कोरीव दगड बसवा, चांगला जड.

बास्तियाननं सुटकेचा श्वास सोडला असेल. कार्वाला तो सोडता आला नाही. उजव्या हाताला पाद्री. पण खड्डे खणणारा वेदीकडं पाठ करून, बाहेर येता येता बोलला होता. आत येणाऱ्याचा डावा तो त्याचा उजवा. आणि डाव्या बाजूलाच, बायकांच्या शेवटच्या रांगेत, ती आत्ता गुडघे टेकून बसली होती. इतके महिने तिथंच बसत होती. बापाच्या छातीवर.

तिनं गुडघे उचलायला बघितले, पण उठायची वेळ नव्हती. श्वास आत गेला आणि निम्म्यावर संपला.

त्या दिवसापासून तो तिचा अडायला लागला. माळावर तिचे पाय थांबायचे. वायता नुसती बघायची. आई म्हणायची, तू वर दमलीस, विश्रांती घे, आणि स्वतःच्या नव्या श्वासानं तिच्या वाटणीचं काम करून टाकायची. आईला काय सांगणार? पुन्हा फरशी उचलायची तर सण संपलेला, शिपाई चर्चच्या पायरीवर बसलेले, पाथरवट दगड घेऊन आलेले. बास्तियान तिला बघितलं की वाट बदलायचा.

ओढ्याकाठी वेत उगवतात, पोकळ, करंगळीएवढ्या जाडीचे. कार्वानं एक कापला, आतल्या गाठी काटकीनं फोडल्या, आणि तो परकरात लपवून रविवारी आपल्या जागी जाऊन बसली. दोन फरशांच्या मधे वाळल्या चिखलाची सांध होती. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि तिनं परकराच्या आडून वेत सांधीत घातला. दाबला. माती कोरडी होती, तो गेला. शिपायानं एकदा इकडं पाहिलं. त्याची नजर वळेपर्यंत ती ओठ हलवत प्रार्थना म्हणत राहिली. मग तिनं आणखी दाबला, खाली काहीतरी मऊ लागेपर्यंत.

तिनं कपाळ फरशीला टेकवलं आणि वेताच्या तोंडाला ओठ लावले.

वेदीवरून किरोगानं ते पाहिलं आणि त्याचं मन भरून आलं. पुढच्या रविवारी त्यानं बायकांना सांगितलं की त्या पोरीची भक्ती बघा, भुईला कशी लागते. मग दाराजवळची बायकांची अख्खी रांग कपाळ टेकायला लागली. तपासनिसानंही जाताना ते चांगलं वाटलं असं म्हटलं. झाडता झाडता बास्तियान तेवढी एक सांध सोडून झाडायचा.

पण तो पहिला रविवार. ओठ लावून ती थोडा वेळ तशीच राहिली, भीती होती की खालून काही यायचं. काही आलं नाही. मग तिच्यापाशी होता तेवढा, निम्माच, श्वास तिनं खाली सोडला. वर उचललं नाही तोंड. हळूच म्हणाली, "एक तुला, बाबा. एक मला." घंटा झाली, लोक उठले, झग्यांचा आणि चपलांचा आवाज दारातून बाहेर गेला, आणि कार्वा तिथंच वाकून होती, तिच्या वाटणीचा घेत.